वर्ड प्रोसेसरमधील शॉर्टकट कळा आणि मराठी लेखन : उपयोग, अडथळे व उपाय

बीजशब्द : शॉर्टकट कळा, वर्ड प्रोसेसर, युनिकोड, इनस्क्रिप्ट, शीर्षक शैली, शोधा व बदला.

प्रस्तावना :

महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या लेखी कामाचे स्वरूप गेल्या दोन-अडीच दशकांत पूर्णतः बदलले आहे. पूर्वी हस्तलिखित तयार करून ते टंकलेखकाकडे किंवा गावातील डी.टी.पी. केंद्राकडे सोपविले की प्राध्यापकाचे काम संपत असे. आज शोधनिबंध, प्रश्नपत्रिका, बैठकीचे इतिवृत्त, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा अहवाल, नॅकसाठी दरवर्षी पाठवावयाचा गुणवत्ता अहवाल अशी सर्व लेखी कामे प्राध्यापकास स्वतःच संगणकावर करावी लागतात. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणकाची प्राथमिक ओळख तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. तथापि, ओळख होणे आणि वेगाने काम करता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. वर्ड प्रोसेसर वापरणारे अनेक अध्यापक आजही प्रत्येक कृतीसाठी हात कळफलकावरून उचलून माऊसकडे नेतात, शीर्षके एकेक करून ठळक करतात आणि तळटीपांचे क्रमांक हाताने बदलतात.

या समस्येवर उपाय म्हणून शॉर्टकट कळांच्या याद्या सर्वत्र उपलब्ध आहेत. परंतु त्या याद्या इंग्रजी लेखन डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. मराठीत लिहिणाऱ्या अध्यापकास त्यांतील काही कळा निरुपयोगी ठरतात, काही अर्धवट चालतात, तर काही कळांमुळे मजकुरात नव्या चुका शिरतात. त्यामुळे शॉर्टकट कळांचा विचार मराठी भाषेच्या आणि देवनागरी लिपीच्या अंगाने स्वतंत्रपणे करणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे :

१) शॉर्टकट कळा मराठी मजकुरावर केव्हा चालतात व केव्हा चालत नाहीत याची कारणे स्पष्ट करणे.
२) अध्यापकाच्या नित्य कामात उपयोगी पडणाऱ्या निवडक कळांचा परिचय करून देणे.
३) मराठीच्या व्याकरणामुळे व लिपीमुळे घ्यावयाची दक्षता सांगणे.

१. शॉर्टकट कळांची पूर्वपीठिका :

मजकूर कापणे, त्याची प्रत घेणे व तो दुसरीकडे चिकटविणे ही आज सर्वपरिचित असलेली पद्धत १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाच्या संपादन प्रणालीत विकसित केली. टेस्लर पुढे ॲपल कंपनीत गेले. १९८३ मध्ये आलेल्या त्या कंपनीच्या ‘लिसा’ या संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या कळा अनुक्रमे पूर्ववत करणे, कापणे, प्रत घेणे व चिकटविणे यांसाठी योजण्यात आल्या. या चारही कळा कळफलकाच्या सर्वांत खालच्या ओळीत शेजारी-शेजारी आहेत. डाव्या हाताने त्या दाबता येतात व उजवा हात मोकळा राहतो.

मराठीच्या दृष्टीने येथे एक बाब नोंदविली पाहिजे. संगणकावर मराठी कळफलक निवडलेला असला तरी शॉर्टकट कळांची जागा बदलत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘सी’च्या कळीवर ‘म’ हे अक्षर आहे. परंतु कंट्रोलबरोबर ती कळ दाबल्यास प्रत घेण्याचीच क्रिया घडते. म्हणजेच शॉर्टकट वापरण्यासाठी भाषा बदलून इंग्रजीकडे जाण्याचे कारण नाही.

२. शॉर्टकट कळा मराठी मजकुरावर का चालत नाहीत?

संगणक पडद्यावर अक्षराचा आकार दाखवितो, परंतु साठवितो तो त्या अक्षराचा सांकेतिक क्रमांक. शोधणे, बदलणे, अकारविल्हे लावणे या सर्व क्रिया क्रमांकांवर होतात, आकारांवर नव्हे. मराठी लेखनातील बहुतेक अडचणींचे मूळ या साध्या तत्त्वात आहे.

कृतिदेव, श्रीलिपी यांसारखे जुने फॉन्ट हे इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी देवनागरी आकार बसवून तयार केलेले होते. छपाईसाठी त्यांनी मराठीची मोठी सेवा केली, यात शंका नाही. परंतु संगणकाच्या लेखी अशा फॉन्टमधील मजकूर मराठी नसतोच. ती रोमन अक्षरांची अर्थहीन माळ असते. कृतिदेवमध्ये ‘मानवत’ हा शब्द साठविताना संगणक ‘ई, के, यू, ओ, आर’ ही पाच इंग्रजी अक्षरे साठवितो. ‘जिंतूर’मधील ऱ्हस्व वेलांटी ‘ज’च्या आधी टंकित होत असल्याने तो शब्द संगणकासाठी ‘एफ’ने सुरू होतो.

परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांच्या नावांवरून हा भेद प्रत्यक्ष पडताळून पाहता येईल. युनिकोडमध्ये टंकित केलेल्या या नावांना वर्डमधील क्रमवारीची आज्ञा दिल्यास पुढील क्रम मिळतो : गंगाखेड, जिंतूर, परभणी, पाथरी, पालम, पूर्णा, मानवत, सेलू, सोनपेठ. हाच आपला वर्णक्रम होय. हीच नावे कृतिदेवमध्ये टंकित करून तीच आज्ञा दिल्यास क्रम असा येतो : मानवत, जिंतूर, परभणी, पाथरी, पालम, पूर्णा, सोनपेठ, सेलू, गंगाखेड. ‘गंगाखेड’ शेवटी जाते, कारण त्यातील ‘ग’ इंग्रजी ‘एक्स’वर आहे. नऊ नावांची यादी हाताने दुरुस्त करता येते. परंतु प्रबंधाच्या अखेरीस असलेली दोन-तीनशे ग्रंथांची सूची अशा रीतीने दुरुस्त करणे म्हणजे अनेक दिवसांचे श्रम होत.

याहून गंभीर बाब संशोधनाच्या जतनाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे बंधनकारक केले व ‘शोधगंगा’ या भांडारात असे प्रबंध जमा होऊ लागले. जुन्या फॉन्टमधील प्रबंध तेथे डोळ्यांनी वाचता येतो, पण शब्द देऊन शोधता येत नाही. एखाद्या संशोधकाने जात्यावरच्या ओव्यांवर अथवा गोदाकाठच्या शेतीवर कितीही मौलिक काम केले असले, तरी शोधयंत्रास त्यातील एकही मराठी शब्द दिसत नाही. पुढचा संशोधक तेच काम पहिल्यापासून पुन्हा करतो.

यावरील उपाय म्हणजे युनिकोड. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली व त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे राष्ट्रीय मानकही निश्चित झाले. युनिकोडच्या मूळ देवनागरी विभागात १२८ स्थाने असून प्रत्येक वर्णास, मात्रेस व चिन्हास स्वतंत्र क्रमांक आहे. विंडोज २००० पासून प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट संगणकासोबतच मिळू लागला. आज प्रत्येक संगणकावर व मोबाइलवर युनिकोड मराठीची सोय विनामूल्य आहे. म्हणून मराठीत वेगाने काम करण्याची पहिली पायरी शॉर्टकट पाठ करणे ही नसून युनिकोडमध्ये लिहिणे ही होय.

युनिकोडमध्ये लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक शिकणे श्रेयस्कर ठरते. त्याची रचना वर्णमालेस धरून आहे. मात्रा व स्वर डाव्या हाताखाली, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात. ज्या कळीवर ‘क’ आहे तीच शिफ्टसह दाबली असता ‘ख’ उमटतो. ‘ग’च्या कळीवर तसाच ‘घ’ मिळतो. इंग्रजी व मराठी यांत अदलाबदल करण्यासाठी विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत ‘विंडोज + स्पेस’ ही जोडी वापरावी.

३. मजकुरात फिरणे, निवडणे व खोडणे :

लेखन करताना बराच वेळ कर्सर योग्य जागी नेण्यात जातो. पुढील कळा त्यासाठी उपयुक्त आहेत. (लॅपटॉपवर ‘एफ’ कळांसोबत काही वेळा ‘एफएन’ ही कळही दाबावी लागते.)

• कंट्रोल + डावा/उजवा बाण : एकेक शब्द मागे-पुढे.
• कंट्रोल + वर/खाली बाण : एकेक परिच्छेद वर-खाली.
• कंट्रोल + होम / एंड : दस्तऐवजाच्या आरंभी / अखेरीस.
• वरील कोणत्याही जोडीत शिफ्ट मिळविल्यास तेवढा मजकूर निवडला जातो.
• शिफ्ट + एफ५ : या आधी जेथे दुरुस्ती केली त्या जागी परत.
• कंट्रोल + बॅकस्पेस : मागील संपूर्ण शब्द खोडणे.
• ऑल्ट + शिफ्ट + वर/खाली बाण : परिच्छेद न कापता तो वर किंवा खाली सरकविणे.
• एफ४ : नुकतीच केलेली कृती पुन्हा करणे.

शेवटून दुसरी जोडी प्रश्नपत्रिका तयार करताना विशेष उपयोगी पडते. प्रश्नांचा क्रम बदलावयाचा असल्यास प्रश्नावर कर्सर ठेवून बाण दाबला की प्रश्न जागा बदलतो व स्वयंचलित क्रमांक आपोआप सुधारतात.

खोडण्याच्या बाबतीत देवनागरीचा एक विशेष ध्यानात घ्यावा. ‘पूर्णा’ हा शब्द पडद्यावर दोन अक्षरांचा दिसतो. परंतु संगणकात प, ऊकार, र, हलन्त, ण व काना असे सहा घटक साठविलेले असतात. शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबल्यास केवळ काना जातो. याउलट ‘र्णा’च्या आधी कर्सर ठेवून डिलीट दाबल्यास ते संपूर्ण जोडाक्षर नाहीसे होते. म्हणून केवळ मात्रा चुकली असेल, तर कर्सर अक्षराच्या पुढे नेऊन बॅकस्पेस वापरावे. सबंध अक्षर पुन्हा टंकित करावे लागत नाही.

इंग्रजीसाठी उपयुक्त असलेली शिफ्ट + एफ३ ही लहान-मोठ्या लिपीतील बदलाची जोडी देवनागरीस लागू नाही, कारण आपल्या लिपीत तसा भेदच नाही. कंट्रोल + आय ने अक्षरे तिरपी होतात. पण देवनागरी मुद्रणाची ती परंपरा नाही. ग्रंथनामासाठी एकेरी अवतरणचिन्ह किंवा ठळक अक्षर वापरणे अधिक योग्य.

४. शोधा व बदला : सोय आणि धोका

कंट्रोल + एफ ने शोधता येते, तर कंट्रोल + एच ने शोधून बदलता येते. वेळेची सर्वाधिक बचत करणाऱ्या कृतींत ‘बदला’ ही आज्ञा अग्रस्थानी आहे. परंतु मराठीत ती तीन कारणांनी जपून वापरावी लागते.

पहिले कारण विभक्तीचे आहे. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. अहवालात ‘शाळा’ऐवजी ‘विद्यालय’ असा बदल करावयाचा ठरविल्यास ‘शाळा’ शोधून ‘शाळेत’, ‘शाळेचा’ ही रूपे सापडणार नाहीत. ‘शाळा’, ‘शाळे’ व ‘शाळां’ अशी तिन्ही रूपे स्वतंत्रपणे शोधावी लागतील. शिवाय ‘शाळा’ स्त्रीलिंगी व ‘विद्यालय’ नपुंसकलिंगी असल्याने ‘जुनी शाळा’चे ‘जुनी विद्यालय’ होईल. इंग्रजीत बहुधा निर्धोक असणारी ‘सर्व बदला’ ही आज्ञा मराठीत वाक्याचे व्याकरण बिघडवू शकते. म्हणून एकेक उदाहरण पाहून बदल करावा.

दुसरे कारण नामांतराचे आहे. परभणी येथील कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने स्थापन झाले व २०१३ मध्ये त्याचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असे झाले. जुन्या लेखात हा बदल ‘सर्व बदला’ या आज्ञेने केल्यास २०१३ पूर्वीच्या प्रकाशनांच्या संदर्भातही नवे नाव शिरते आणि संदर्भ चुकीचा ठरतो. तीच आज्ञा चुकून दुसऱ्यांदा दिल्यास ‘वसंतराव नाईक वसंतराव नाईक’ अशी द्विरुक्ती होते. अशा प्रसंगी लगेच कंट्रोल + झेड दाबून बदल मागे घ्यावा.

तिसरे कारण सर्वांत सूक्ष्म आहे. युनिकोडमध्येही काही शब्द एकसारखे दिसूनही भिन्न रीतीने साठविलेले असतात. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकित होतो : एकात नेहमीचा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह असते, दुसऱ्यात ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण व हलन्त असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक प्रकार शोधल्यास दुसरा सापडत नाही. कृषी अर्थशास्त्राच्या प्रबंधात हा शब्द शेकडो वेळा येतो. प्रबंधाची प्रकरणे वेगवेगळ्या संगणकांवर टंकित झाली असल्यास शब्दाची मोजणी व सूची दोन्ही सदोष ठरतात. ‘दुःख’, ‘अंतःकरण’ या शब्दांत विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकित केला गेल्यास हाच प्रश्न उद्भवतो. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यामुळे जुन्या मजकुरात ते ‘अ’ व अर्धचंद्र अशा दोन घटकांनी बनलेले आढळते. तसेच मराठी व इंग्रजी अंकांची सरमिसळ झाली की ‘१९९४’ शोधून दुसऱ्या लिपीतील तेच वर्ष सापडेलच असे नाही.

म्हणून लेखन पूर्ण झाल्यावर ‘ऱ्य’, विसर्ग, ‘ॲ’ व अंक या चार बाबींचे एकरूपीकरण करण्यासाठी ‘शोधा व बदला’चा उपयोग करावा. कळफलकावर ‘ॲ’ सापडत नसल्यास वर्डमध्ये इंग्रजी अंकांत ०९७२ टंकित करून लगेच ऑल्ट + एक्स दाबावे. त्या अंकांच्या जागी ‘ॲ’ उमटतो.

५. शीर्षक शैली : प्रबंधलेखनाचा आधार

शीर्षक निवडून ते ठळक करणे व आकार वाढविणे ही बहुसंख्य अध्यापकांची पद्धत आहे. त्यामुळे शीर्षक मोठे दिसते, पण ते शीर्षक आहे हे संगणकास कळत नाही. याउलट शीर्षक शैली वापरल्यास संगणक दस्तऐवजाची रचना ओळखतो, डाव्या बाजूस प्रकरणांची यादी दाखवितो व अनुक्रमणिका स्वतः तयार करतो.

• कंट्रोल + ऑल्ट + १, २, ३ : प्रकरण, उपप्रकरण व मुद्दा यांसाठी शीर्षक शैली.
• कंट्रोल + शिफ्ट + एन : साधा मजकूर.
• कंट्रोल + ऑल्ट + एफ : तळटीप, कंट्रोल + ऑल्ट + डी : अंत्यटीप.
• कंट्रोल + एंटर : नवे पान, शिफ्ट + एंटर : त्याच परिच्छेदात नवी ओळ.
• कंट्रोल + १, ५, २ : ओळींतील अंतर एकपट, दीडपट, दुप्पट.
• कंट्रोल + स्पेस / कंट्रोल + क्यू : निवडलेल्या अक्षरांचे / परिच्छेदाचे हाताने दिलेले स्वरूप काढून टाकणे.
• कंट्रोल + ए व त्यानंतर एफ९ : अनुक्रमणिका अद्ययावत करणे.

मार्गदर्शकांनी दुसऱ्या प्रकरणात एक नवी तळटीप सुचविली, तर हाताने क्रमांक देणाऱ्या संशोधकास पुढील सर्व क्रमांक बदलावे लागतात. कंट्रोल + ऑल्ट + एफ ने दिलेल्या तळटीपा स्वतःच पुढे सरकतात. नवीन प्रकरण पुढील पानावर नेण्यासाठी वारंवार एंटर दाबण्याची सवयही सोडली पाहिजे. मागील प्रकरणात दोन ओळी वाढल्या की पुढील सर्व प्रकरणे विस्कटतात. कंट्रोल + एंटर वापरल्यास तसे होत नाही.

शैलीच्या संदर्भात मराठी लेखकास वारंवार पडणारा एक प्रश्न येथे स्पष्ट करणे इष्ट ठरेल. फॉन्ट बदलला तरी देवनागरी अक्षरे बदलत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. वर्ड देवनागरीची गणना संमिश्र लिपींत करतो व तिच्यासाठी फॉन्ट व आकार यांची स्वतंत्र नोंद ठेवतो. कंट्रोल + डी दाबून उघडणाऱ्या फॉन्टच्या चौकटीत संमिश्र लिपीसाठीचा वेगळा रकाना असतो. तेथे मराठी फॉन्ट व आकार निश्चित करावा. शैलीमध्येच ही नोंद एकदा केली की प्रत्येक परिच्छेदाचे स्वरूप वेगळे बदलावे लागत नाही.

६. वारंवार येणाऱ्या मजकुराची सोय :

परभणी जिल्ह्यातील पारंपरिक अभ्यासक्रमांची महाविद्यालये १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. ‘स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड’ हे संपूर्ण नाव इनस्क्रिप्टमध्ये लिहिण्यासाठी, शिफ्ट वगळता, ४७ वेळा कळ दाबावी लागते. वर्डमधील स्वयंदुरुस्तीच्या यादीत ‘स्वाराती’ या संक्षेपापुढे हे नाव नोंदविल्यास आठ कळा व एक स्पेस एवढ्यावर पूर्ण नाव उमटते. वार्षिक अहवालात हे नाव तीस वेळा आले, तर अकराशेहून अधिक कळा वाचतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक ठिकाणी नाव शुद्ध व एकसारखे राहते.

येथेही विभक्तीचा विचार करावा लागतो. संक्षेपातून उमटलेल्या नावास ‘-च्या’ हा प्रत्यय थेट जोडता येत नाही. ‘विद्यापीठाच्या’ असे सामान्यरूप हवे असते. म्हणून महत्त्वाच्या नावासाठी दोन नोंदी कराव्यात, एक मूळ रूपाची व दुसरी ‘स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या’ अशी. संक्षेप निवडताना तो मराठीतील अर्थपूर्ण शब्द असू नये, ही दक्षता घ्यावी. परभणीसाठी ‘पर’ असा संक्षेप ठेवल्यास ‘पर’ हा शब्द जेथे जेथे सुटा येईल तेथे तेथे ‘परभणी’ उमटेल.

एकाहून अधिक परिच्छेदांचा ठरावीक मजकूर, उदाहरणार्थ बैठकीच्या सूचनेचा मसुदा, निवडून ऑल्ट + एफ३ ने नाव देऊन साठविता येतो. पुढे ते नाव टंकित करून एफ३ दाबले की संपूर्ण मसुदा येतो. शिबिरातील विद्यार्थ्यांना द्यावयाची प्रमाणपत्रे एकेक नाव लिहून तयार करण्याऐवजी ‘मेल मर्ज’ या सुविधेने नावांच्या यादीवरून एकाच वेळी तयार होतात. मात्र यादी व प्रमाणपत्र दोन्ही युनिकोडमध्ये असल्यास ही सोय सर्वांत निर्वेधपणे चालते.

७. सुरक्षितता व प्रणालीभेद :

भारनियमनाचा अनुभव मराठवाड्यास नवा नाही. वर्ड आपोआप प्रत राखून ठेवते, पण मूळ मांडणीत हा अवधी दहा मिनिटांचा असतो. तो दोन-तीन मिनिटांवर आणावा. त्याशिवाय प्रत्येक परिच्छेदाअखेर कंट्रोल + एस दाबण्याची सवय ठेवावी. एफ१२ ने दस्तऐवज नव्या नावाने साठविता येतो. मार्गदर्शकांकडे पाठविलेला प्रत्येक मसुदा दिनांकासह स्वतंत्र ठेवण्यासाठी ही कळ उपयोगी आहे. मार्गदर्शकांनी सुचविलेले बदल स्पष्ट दिसावेत यासाठी कंट्रोल + शिफ्ट + ई ने बदलांची नोंद सुरू करता येते.

सर्व प्रणालींत कळांचा अर्थ एकच नसतो, हेही लक्षात ठेवावे. वर्डमध्ये कंट्रोल + १ ने ओळींतील अंतर एकपट होते. लिबर ऑफिस रायटर या विनामूल्य प्रणालीत त्याच जोडीने पहिल्या पातळीचे शीर्षक मिळते. कंट्रोल + शिफ्ट + एस ने गूगल डॉक्समध्ये आवाजावरून टंकलेखन सुरू होते, तर वर्डमध्ये शैली लागू करण्याची चौकट उघडते. कंट्रोल + शिफ्ट + व्ही ही जोडी वर्डच्या नव्या आवृत्त्यांत स्वरूपाविना केवळ मजकूर चिकटविते. जुन्या आवृत्त्यांत ती स्वरूप चिकटविण्यासाठी होती.

सूची क्रमवार लावल्यावर ‘ळ’, ‘क्ष’ व ‘ज्ञ’ने सुरू होणाऱ्या नोंदी डोळ्यांखालून घालाव्यात. आपल्या वर्णमालेत हे वर्ण ‘ह’नंतर येतात. युनिकोडमध्ये मात्र ‘ळ’चा क्रमांक ‘ल’ व ‘व’ यांच्या दरम्यान आहे, तर ‘क्ष’ व ‘ज्ञ’ हे अनुक्रमे ‘क’ व ‘ज’ यांची जोडाक्षरे म्हणून साठविले जातात.

८. अभ्यासाची पद्धत :

शॉर्टकट कळांची संपूर्ण यादी पाठ करण्याचा प्रयत्न सहसा फलदायी होत नाही. त्याऐवजी आपण आठवड्यात वारंवार कोणत्या तीन कृती करतो हे पाहावे व केवळ त्या तीन कृतींच्या कळा आठवडाभर वापराव्यात. भाषेच्या अध्यापकास तळटीप, शीर्षक व परिच्छेद सरकविणे यांची गरज अधिक भासेल. वाणिज्य वा विज्ञानाच्या अध्यापकास पुनरावृत्ती व स्वरूप काढणे या कळा आधी लागतील. वर्डमध्ये ऑल्ट एकदाच दाबून सोडल्यास प्रत्येक आज्ञेवर तिची कळ दिसते. ती पाहून कोणतीही आज्ञा माऊसविना देता येते.

जुन्या फॉन्टमधील लेखनाचा प्रश्न उरतो. असे लेखन युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तन साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. परिवर्तनानंतर रफार, ‘ऱ्य’, ऱ्हस्व वेलांटी व अवतरणचिन्हे अवश्य तपासावीत, कारण चुका प्रामुख्याने तेथेच राहतात. विभागातील सर्व जुने लेखन एकाच वेळी बदलणे शक्य नसते. ज्या लेखनाचा पुढे संदर्भ घेतला जाणार आहे, ते प्रथम घ्यावे.

निष्कर्ष :

१) शॉर्टकट कळा संगणकातील सांकेतिक क्रमांकांवर कार्य करीत असल्याने, मराठीत शोध, बदल व क्रमवारी या सुविधांचा खरा लाभ युनिकोडमधील मजकुरातच मिळतो.
२) वैयक्तिक कळांपेक्षा शीर्षक शैली, स्वयंचलित तळटीपा व स्वयंदुरुस्ती यांमुळे होणारी बचत अधिक मोठी आहे, कारण त्यांमुळे तेच काम दुसऱ्यांदा करावे लागत नाही.
३) सामान्यरूप, लिंगव्यवस्था व ‘ऱ्य’सारखी जोडाक्षरे यांमुळे ‘सर्व बदला’ ही आज्ञा मराठीत तपासल्याविना देऊ नये.
४) महाविद्यालयीन नियतकालिकांच्या संपादकांनी लेख ठरावीक जुन्या फॉन्टमध्ये मागविण्याऐवजी युनिकोडमध्ये मागवावेत. छपाईच्या वेळी फॉन्ट बदलता येतो; परंतु जो लेख संगणकास मराठी म्हणून ओळखताच येत नाही, तो पुढील पिढीच्या संशोधकास शोधूनही सापडणार नाही.

कळांचा अभ्यास एका आठवड्यात सुरू करता येतो. लेखनाची लिपी-व्यवस्था बदलण्यास मात्र विभागाने, ग्रंथालयाने व संपादक मंडळाने मिळून निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय जितका लवकर होईल, तितके ग्रामीण महाविद्यालयांतून होणारे मराठी संशोधन अधिक दूरवर पोहोचेल.